डबी आधी मागे गेली

वॉशर एका जागी कापलेला होता, म्हणजे तो तसा असतोच, कापलेल्या टोकांपैकी एक जरासं वर उचललेलं, नट आवळला की ते दाबलं जावं आणि नट पुन्हा सैल पडू नये म्हणून... आणि चहा उकळून वर येत असताना ती खिशातल्या खिशात त्या टोकावरून अंगठा फिरवत उभी होती. उरला कसा हा? काढताना मोजले होते, घालतानाही सगळे घातले असंच तिला वाटत होतं, आणि तरी हा एक खिशात. चष्म्याच्या दुकानात अर्धं आयुष्य गेलं, रव्याच्या कणाएवढे स्क्रू चिमटीत धरून बसवले, पण हातून एक कधी उरला नाही. आणि काल नुसते दोन नट, तेही चांगले बोराएवढे, तर लक्ष सगळं फाटकाकडे, चोरी करताना असतं तसं. चोरीच होती ती. दुसरं काय म्हणायचं?

"अगं, चहा होतोय की नुसताच वास?" मागच्या शेडमधून नवऱ्याने हाक मारली.

हाक मारली. वरती थट्टाही केली. तिने गॅस बंद केला आणि उगाच क्षणभर तशीच थांबली, कारण या माणसाच्या तोंडून एवढं लांब वाक्य ऐकायला तिचे कान वर्षभर आसुसलेले होते. तो कारखान्यात मेंटेनन्सचा फोरमन होता. कुठलं यंत्र कधी रुसतं आणि कशाने समजूत निघते, सगळं त्याला पाठ. कारखाना बंद पडला आणि तो घरी आला, स्वयंपाकघराच्या खिडकीशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला, शेजारच्या भिंतीकडे तोंड करून. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. जेवता का? हं. लेकीचा फोन आहे, बोलता का? हं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि वेळ द्या म्हणाले. तिने दिला. कामावरून आली की दारातच त्याचा चेहरा बघायचा, जेवताना बघायचा, झोपेत कूस बदलली तरी डोळे उघडून बघायचा... डोळ्यांत तेल घालून राहणं म्हणतात ते हेच. या तेलाने डोळे किती चुरचुरतात हे मात्र कोणी सांगत नाही.

मग डबीचं इंजिन बसलं. डबी म्हणजे त्यांची जुनी, बुटकी, रंग उडून खडूसारखी झालेली गाडी, लेक शाळेत असताना घेतलेली आणि नावही लेकीनेच ठेवलेलं. मेकॅनिक म्हणाला, इंजिनाला हात लावण्यात अर्थ नाही, भंगारात घाला. त्या शब्दावर काय झालं कोण जाणे, तो खुर्चीतून उठला, बाहेर गेला, गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि बॉनेट उघडून कितीतरी वेळ आत वाकून राहिला. पुढच्या आठवड्यात टेंपोतून एक मोटर आली, बंद कारखान्यातल्या मोडीत निघालेल्या फोर्कलिफ्टची, काळी, तेलकट, आणि इतकी जड की चौघांनी उतरवली. डबी आता विजेवर चालणार होती. शेजारच्या निवृत्त पोस्टमास्तरांनी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलंही, "वहिनी, फोरमन बरे आहेत ना?" बरे? अहो, तो बोलायला लागला होता! बॅटऱ्यांविषयी, तारांविषयी, तिला काही कळो न कळो, ताटावर बसून बोलायला लागला होता. तिने मनातल्या मनात त्या काळ्या मोटरीची दृष्ट काढली.

आणि गेल्या आठवड्यात तो म्हणाला, "झालंच आता. तुझ्या सुट्टीच्या दिवशी बाहेर काढू."

झालंच. तिने हसून मान हलवली. झालं म्हणजे काय? म्हणजे सुट्टीनंतर शेडमध्ये काम नाही. खुर्ची अजून खिडकीपाशीच होती, टाकून द्यायची तिला हिंमत झाली नव्हती. टाकली तर त्याच्या लक्षात येईल की आपल्याला भीती वाटते, आणि त्याच्या लक्षात आलं की... मी काय करणार होते? कोणाला विचारणार होते? तिला त्याचंच एक जुनं वाक्य आठवत राहिलं. मोटरीच्या तोंडाशी चार जाड तारा लावताना तो म्हणाला होता, "या दोघींची अदलाबदल झाली ना, तर मोटर उलटी फिरते. बिघडत काही नाही हं, फक्त उलटी." बिघडत काही नाही. काल बॅटऱ्या जोडायच्या आधी तो क्लिपा आणायला दुकानात गेला आणि तिने पाना उचलला. शोधू दे बिचाऱ्याला चार दिवस. आणि सापडल्यावर? सापडल्यावर दुसरं काहीतरी सैल करायचं? जन्मभर नवऱ्याच्या मागे नट सैल करत फिरायचं?

"बस," तो म्हणाला. चहा पिऊन झाला होता, बॅटऱ्या जोडून झाल्या होत्या. तिला शेजारी बसवून त्याने पट्टा लावायला लावला. फाटकाबाहेर पोस्टमास्तर दोन्ही हात पसरून रस्ता अडवून उभे होते. रस्त्यावर कोणीही नव्हतं.

"येऊ द्या फोरमन! येऊ द्या सरळ!"

त्याने किल्ली फिरवली. काहीच झालं नाही, म्हणजे आवाज झाला नाही. त्याने पहिला गिअर टाकला, सावकाश पाय दाबला, आणि डबी हलली. कण्हली नाही, खोकली नाही, नुसती हलली, आणि शांतपणे, पाहुणीसारख्या अदबीने, मागे मागे जाऊ लागली.

"अहो पुढे! पुढे म्हणजे इकडे!" पोस्टमास्तर ओरडले. "तिकडे भिंत आहे!"

मागे मऊसा धक्का बसला आणि गाडी थांबली. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहवलंच नाही. समोरच्या काचेवरच्या एका डागाकडे ती पाहत राहिली आणि तिच्या मनात एकच, हे काय केलं मी, त्याचा इतक्या दिवसांचा आनंद, पोस्टमास्तरांदेखत... आणि शेजारून खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. मग पुन्हा. मग तो स्टिअरिंगवर कपाळ टेकून, खांदे गदगदा हलवत हसत होता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता, "पहिला गिअर... पहिला गिअर टाकला मी!" असं म्हणत होता, आणि त्याच्या त्या ओबडधोबड, बिनवापराने गंजलेल्या हसण्याने तिचा जीव असा भांड्यात पडला की ती स्वतःही हसू लागली, आणि मध्येच कधी रडू लागली हे तिचं तिलाही कळलं नाही.

"मी म्हटलंच होतं," पोस्टमास्तर आत येत म्हणाले. काय म्हटलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही. बाहेर काढाल तेव्हा हाक मारा, असं सांगून ते जेवायला गेले.

त्याने बॅटऱ्यांच्या जोडण्या सोडवल्या, बॉनेट उघडलं, टॉर्च आत धरला. ती शेजारी उभी. चार दिवस शोधेल असं वाटलं होतं ना तुला? या माणसाला? त्याची नजर थेट त्या दोन तारांवर गेली आणि तिथेच थांबली.

"इथे वॉशर नाही," तो म्हणाला. "मी घातला होता."

तिचा हात खिशात गेला. तो वळला आणि गाडीच्या मागे पाहू लागला. डबी आणि भिंत यांच्यामध्ये घरातली जाड गादी उभी केलेली होती, सकाळी तिने ओढत आणलेली.

"आणि ही गादी इथे कशाला?"

"ऊन दाखवायला."

"शेडमध्ये?"

तिने खिशातून वॉशर काढून त्याच्या तळहातावर ठेवला. आता चिडेल. चिडला तरी चालेल, ओरडू दे, पण गप्प बसू नये, देवा, एवढं एक, गप्प बसू नये. तो वॉशर बोटांत फिरवत राहिला.

"तुला वाटलं, हे संपलं की मी परत जाऊन बसेन."

तिने मान हलवली.

"मलाही तसंच वाटत होतं," तो म्हणाला. "ब्रेकचा पंप धरून ठेवणारा तो लोखंडी ब्रॅकेट मी तीनदा नव्याने कापला, आठवतं? पहिलाच बरोबर बसला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे गाडी केव्हाच तयार होती. मीच हातचं राखून काम करत होतो. ही क्लिप बदल, ती बदल. कालही क्लिपांची काही गरज नव्हती. सकाळी उठून इथे यायला काहीतरी हवं ना."

आधी तिला राग आला. चांगला सणसणून आला. म्हणजे मी इकडे जीव टांगणीला लावून, झोपेतसुद्धा याचा श्वास ऐकत, आणि हा तिकडे स्वतःच स्वतःवर पहारा ठेवून, आणि एका शब्दाने सांगू नये? एकाच घरात एकाच गोष्टीला भिऊन दोघं दोन बाजूंनी दार दाबून उभे राहिलो! "सांगायचं नाही का हो?" ती म्हणाली. आवाज जरा चढलाच.

"तू सांगितलंस?"

राग ओसरता ओसरता खाली जे उरलं ते फार हलकं होतं. याला ठाऊक होतं. खुर्ची त्यालाही दिसत होती, रोज, तिच्याइतकीच स्पष्ट. मला वाटायचं, तो त्या खुर्चीत बुडाला की त्याला काहीच समजत नाही, सगळं माझ्या एकटीच्या डोळ्यांवर आहे... आणि हा आतून स्वतःला धरून होता, वेडंवाकडं धरून होता, खोटे ब्रॅकेट कापून धरून होता, पण धरून होता. म्हणजे दोघं होतो की. पहिल्यापासून दोघं होतो.

"पाना दे," तो म्हणाला. "नको, थांब. तूच लाव. काढलेस तूच ना?"

तिने तारा जागच्या जागी लावल्या, वॉशर घातला, नट आवळले. या वेळी खिशात काही उरलं नाही. त्याने ओढून पाहिलं आणि म्हणाला, "चष्मेवाल्यांना कामावर ठेवायला हरकत नाही."

डबी पुढे निघाली. पोस्टमास्तरांना हाक मारायची राहूनच गेली. फाटक, कोपऱ्यावरची लाँड्री, शाळेची लांबच लांब भिंत, आणि या सगळ्यातून ती अशी सरकत होती की बाहेरची माणसं बोललेली ऐकू येत होती. तो मध्येच काहीतरी सांगत होता, चढावर किती ओढते ते बघू, हीटरचं काहीतरी करायला हवं, मध्येच गप्प होत होता. उद्याचं तसं काहीच ठरलं नव्हतं. उद्या ती दुकानात जाणार, तो घरी असणार. एखाद्या दिवशी तो बसेलही त्या खिडकीशी, आणि त्या दिवशी काय करायचं ते तिला आजही माहीत नव्हतं.

पुलाजवळच्या सिग्नलला गाडी थांबली. एका गच्चीत कोणी बाई चादर झटकत होती, एकदा, दोनदा, मग घडी करताना चादरीचं एक टोक हातातून सुटलं, आणि ती ते पुन्हा धरेपर्यंत ही पाहत राहिली. मग तिच्या लक्षात आलं की तो बराच वेळ गप्प आहे, आणि घरापासून इथपर्यंत आपण एकदाही त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलेलं नाही. मान आपोआप वळू लागली. तिने ती वळू दिली नाही. काच खाली केली आणि बाहेर पाहत बसली.