आईवरचा लेख
आमच्या चर्चच्या मंडळीच्या मासिकाचे संपादक धंद्याने शिंपी. सगळे त्यांना शिंपीकाका म्हणतात. ज्यांचे लेख त्यांनी कापलेत ते पाठीमागे काय म्हणतात, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

आईचा छातीचा आजार बळावला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, महिना, फार तर दीड. तीस वर्षं मी मासिकात लिहितेय, पण आईचे आभार एकदाही मानले नव्हते. ती गेल्यावर लिहिण्यात काय अर्थ, असा विचार करून चार पानं लिहिली, अगदी मनापासून. तिच्या खाटेशी बसून वाचायला लागले, तर दुसऱ्याच ओळीला तिने डोळे मिटले, हात जोडले आणि शेवटी स्वच्छ आवाजात "आमेन" म्हणाली. वर विचारलं, "छान प्रार्थना केलीस गं. कुणासाठी होती?"

मला हसावं की रडावं कळेना. तशीच पानं घेऊन शिंपीकाकांचं दुकान गाठलं. ते एका कोटाला अस्तर लावत होते. कपाळावरचा चष्मा खाली ओढून त्यांनी सगळं वाचलं, मग मोठी कात्री उचलली आणि मी जागोजागी घातलेलं बायबलचं एकेक वचन कापून काढायला लागले. देवाचं वचन कापताना हात कसा धजावतो, असं मी तोंडावर विचारलं. त्यांनी मान वर केली नाही. वचनं एका पाकिटात भरली, उरलेलं दुसऱ्यात. चार पानांतल्या सात ओळी उरल्या होत्या.

"वचनं पवित्र शास्त्रात सुखरूप आहेत," ते म्हणाले. "तुझी आई कुठे लिहून ठेवलीय?"

राग तर असा आला होता, की मासिकाला कायमचा रामराम ठोकावा. पण त्या सात ओळींत एवढंच होतं, की आई चर्चमधले प्रभुभोजनाचे, घोटभर द्राक्षरसाचे पेले धुवायची. काकांनी खोदून खोदून विचारलं: कशात धुवायची, पुसायचं कोण, बोलायची काय? हाताला लागलं, नाकाला जाणवलं ते आधी लिही, म्हणाले. मोठ्याने वाच, आणि जिथे आपला आवाज उपदेशाला चढतो तिथे टाचणी लाव. शेवटी वाटलंच तर वचन घाल, पण एकच. निघताना मूठभर टाचण्याही दिल्या.

त्यातल्या चौदा लागल्या. चार दिवसांनी पुन्हा आईजवळ बसले. कोमट पाण्याचं घमेलं, खिडकीच्या उजेडात धरून बघितलेला प्रत्येक पेला, आणि आतून पुसायला माझं आठ वर्षांचं बोट, कारण त्या चिमुकल्या पेल्यांत तेवढंच मावायचं. मग तो पेला, जो माझ्या हातून फुटला आणि जो आपल्या हातून फुटला असं तिने पाळकसाहेबांना सांगितलं. आई, त्याबद्दल आभार, असं सरळ लिहिलं होतं.

"ते काढ," आई म्हणाली. "पाळकसाहेबांशी मी खोटं बोलले, ते छापणार तू?"

मी पेन उचललं. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला.

"राहू दे. पुन्हा वाच."

शिंपीकाकांच्या कात्रीसाठी मी आजही देवाचे आभार मानते. त्या दुपारी तोच लेख तीनदा वाचला. आईने एकदाही डोळे मिटले नाहीत.