चिंपांझीचा फ्लास्क

चिंपांझीच्या फ्लास्कमध्ये चिंपांझी उरलेलाच नाही हे कळलं, तो मंगळवार होता. त्याची बायको जाऊन तेव्हा अकरा आठवडे झाले होते. तो नेहमीप्रमाणे दुपारी प्रयोगशाळेत पेशींना खाऊ घालत होता, म्हणजे पेशी ज्यात वाढतात त्या फ्लास्कमधलं जुनं पोषणद्रव काढून ताजं भरत होता. संगणकावर आकडे बघणारी मुलगी, जिला सगळे आकडेवाली म्हणत, दारात आली. एरवी लांबूनच ओरडून बोलणारी ती अगदी जवळ येऊन म्हणाली, "काका, अहवाल आलाय. यात चिंपांझी नावालाही नाही. सगळ्या मॅडमच आहेत."

मॅडम म्हणजे त्याची बायको. तेवीस वर्षं ती इथे शास्त्रज्ञ आणि तो तंत्रज्ञ. घरी तिचं चालतं आणि इथेही तिचंच, असं लोक त्याला चिडवत. तो म्हणे, बरंय की, दोन साहेब तरी सांभाळावे लागत नाहीत.

तिचं काम माणूस, चिंपांझी आणि माकड यांची जनुकं ताडून बघण्याचं. जनुकं बरीचशी सारखीच असतात, ती सांगायची, फरक पडतो तो कुठलं जनुक कधी आणि किती चालू होतं यात. भांडी तीच, आच कमी-जास्त. माणसाच्या पेशी हव्यात म्हणून तिने स्वतःच्याच दंडाच्या कातडीचा तुकडा दिला होता. त्या पेशी भराभर वाढत. "अहो, माझ्यावरच गेल्यात," ती हसायची, "शेजाऱ्याला बूड टेकू देणार नाहीत." म्हणून नियम तिनेच घातला होता: प्रत्येकाच्या पोषणद्रवाची बाटली वेगळी, आणि आधी चिंपांझी, मग माणूस.

तिचा शेवटचा लेख एका बटणाबद्दल होता. बटण म्हणजे जनुकाच्या शेजारचा, त्याला चालू करणारा छोटा तुकडा. ते फक्त माणसातच चालू असतं, असं बाकीचे म्हणत. तिने दाखवलं की चिंपांझीतही ते तितकंच चालू आहे, म्हणजे ते दोघांच्या एकाच पूर्वजाकडून आलं असणार. लेख स्वीकारल्याचं पत्र तिने दवाखान्यात उशाशी ठेवलं होतं. पण दुसऱ्या एका प्रयोगशाळेला तसे आकडे मिळेनात. तिच्या मोजणीत बटण किती चालू आहे एवढंच कळे, पेशी कोणाच्या ते कळत नसे. म्हणून नमुना बाहेर तपासायला पाठवला होता.

घोडं कुठे पेंड खातंय, हे त्याला तिथेच उभ्या उभ्या समजलं. तिची दुसरी शस्त्रक्रिया होती तो दिवस. दवाखान्यातून फोन आला, लवकर या. चिंपांझीची बाटली रिकामी होती, नवी करायला अर्धा तास लागला असता. त्याने तिच्या पेशींची उघडी बाटली उचलली, दोन्ही फ्लास्क भरले, वहीत नेहमीसारख्या दोन वेगळ्या बाटल्यांच्या दोन खुणा केल्या आणि पळाला. एखादी पेशी त्या बाटलीतून गेली असेल. एक पुरे होती. दोन महिन्यांनी जरा बरं वाटलं तेव्हा ती काठी टेकत येऊन त्याच फ्लास्कची मोजणी करून गेली होती.

विभागप्रमुख बाईंनी संध्याकाळी त्याला बोलावलं. त्या कधी नव्हे ते खुर्चीतून उठल्या, त्याला पाणी दिलं. लेख मागे घ्यावा लागेल, त्या म्हणाल्या, कारणात चूक कोणाची तेही लिहावं लागतं. मॅडम तेव्हा आजारी होत्या, हातून झालं असेल, कोणी दोष देणार नाही.

त्याने मान हलवली असती तर तिथेच मिटलं असतं. नोकरीची चार वर्षं उरली होती. त्याला वहीतल्या त्या दोन खुणा दिसत राहिल्या.

"तिची नाही," तो म्हणाला. "माझी आहे. तारीखही सांगतो."

बाईंनी कोरा कागद त्याच्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "मग ते तुम्हीच लिहा. तुमच्या सहीने."

त्याने लिहिलं. चार ओळींना दोन दिवस लागले. पत्र गेलं आणि लेख मागे घेतला गेला. शास्त्रज्ञांच्या एका बैठकीत कोणीतरी म्हणालं, नवरा-बायको एका ठिकाणी ठेवले की हेच होतं. आकडेवालीने त्या माणसाला तोंडावर विचारलं, तुमच्या घरी कोणी आजारी पडत नाही का. ते त्याच्या कानावर आलं, त्याला बरं वाटलं, पण तेवढ्याने काही भरून आलं नाही.

तिचं म्हणणं चूक ठरलं असं नाही. ते तपासलंच गेलेलं नाही, इतकंच. आकडेवाली म्हणते, खऱ्या चिंपांझीतही बटण चालू निघू शकतं. नाहीही निघू शकतं.

द्रव नायट्रोजनच्या टाकीत त्या दिवसाच्या कितीतरी आधी गोठवलेल्या चिंपांझीच्या पेशींच्या दोन कुप्या होत्या. गेल्या सोमवारी त्याने एक वितळवली. त्यातल्या पेशी तगल्या नाहीत. दुसरी त्याने अजून काढलेली नाही.