आधी रक्त, मग सही

सोफ्यांची कव्हरं शिवणाऱ्या बाईने शिवणयंत्र थांबवलं आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याला सरळ सांगून टाकलं, "रजिस्टर लग्नाआधी आपण दोघांनी रक्त तपासून घ्यायचं."

तो हसला. "या वयात? साखर आहे मला, सांगितलंय की."

"साखरेचं नाही. बाईमाणसाकडून पुरुषाला, पुरुषाकडून बाईला जे होतं, ते."

त्याचा चेहरा उतरला. तो विधुर, ती विधवा; दोघांनी पन्नाशी ओलांडलेली. बायको गेल्यावर तो कामासाठी गावोगाव एकटा राहिला होता. "म्हणजे माझ्यावर संशय?"

"माझी मावसबहीण दुसऱ्या लग्नानंतर आयुष्यभराचं दुखणं घेऊन बसली. विचारायची लाज वाटली होती तिला. मला ती लाज परवडत नाही."

तो हत्यारांची पिशवी उचलून निघून गेला. ती दिवसभर उलटे टाके घालत राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र दुकान उघडायच्या आत तो दारात हजर. "चला. पण सुई टोचताना माझ्याकडे बघायचं नाही."

रिपोर्ट आले त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी आधी त्याला बोलावलं. तो छाती पुढे काढून बाहेर आला. "एकदम स्वच्छ!" मग ती आत गेली, आणि डॉक्टरीणबाईंनी उठून दार लावून घेतलं.

"तुम्हाला सिफिलिस आहे. जुना."

"नळ्यांची अदलाबदल झाली असेल."

"तशी शंका नको म्हणून दुसऱ्या पद्धतीनंही तपासलंय. सुरुवातीला एक फोड येतो. तो दुखत नाही, बाईला आतल्या बाजूला असला तर दिसतही नाही. आपोआप भरून येतो. रोग मात्र अंगात दबा धरून बसतो. वर्षानुवर्षं."

"पण नवरा जाऊन किती वर्षं झाली! आणि त्याच्याशिवाय..."

लेकीच्या वेळी गरोदरपणात केलेली तपासणी नीट होती, म्हणजे हे त्यानंतरचं. नवरा महिनोन्महिने बाहेरगावी कामाला असायचा. ज्याचा फोटो ती रोज सकाळी पुसत होती, त्याची गचांडी धरावी असं तिला वाटलं. पण भांडायचं कुणाशी?

"औषध आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पेनिसिलीनची तीन इंजेक्शनं, आठवड्याला एक. एकही चुकवायचं नाही."

बाहेर बाकावरून तो उठला. "काय म्हणाल्या?"

"रक्त कमी आहे," ती म्हणाली, आणि खोटं बोलल्याबरोबर तिचे कान तापले.

पहिलं इंजेक्शन घेऊन लंगडत घरी आलेल्या आईकडून लेकीने सगळं काढून घेतलं. बापाचं ऐकून तिने त्याच्या फोटोकडे पाठ फिरवली. मग म्हणाली, "आई, बरं होणार आहे ना? मग त्यांना कशाला सांगतेस? जमलेलं मोडेल."

"त्यांना बाही वर करायला मी लावलं, गं. आता माझीच बाही खाली ओढू?"

दुसऱ्या दिवशी तो काम करत होता त्या इमारतीच्या गच्चीवर ती गेली. लिफ्टच्या मोटारीची खोली तेलाच्या वासाने भरलेली होती. तिने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्याने पाना खाली ठेवला, हात पुसले, पुन्हा पुसले.

"मला होईल?"

"आपल्यात अजून तसं काही घडलेलं नाही. पुढचं डॉक्टरांना विचारा."

"मला जरा वेळ द्या."

दुसरं इंजेक्शन घ्यायला ती एकटीच गेली. त्याचा फोन नाही, निरोप नाही. लेक "मी म्हटलं नव्हतं?" असं म्हणाली नाही, पण तिच्या तोंडावर ते लिहिलेलं होतं. जिन्यात पाऊल वाजलं की बाईचा जीव खालीवर व्हायचा, आणि पाऊल पुढच्या मजल्यावर निघून जायचं.

तिसऱ्या इंजेक्शनला ती दवाखान्यात पोचली तर तो बाकावर बसलेला.

"मी आलो होतो इथे, एकटाच," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "तुमच्याबद्दल डॉक्टरीणबाई काही बोलल्या नाहीत, पण रोगाबद्दल तासभर डोकं खाल्लं त्यांचं. ताट-पेला, टॉवेल, यानं होत नाही म्हणे. इतका जुना असला की सहसा पसरतही नाही. तरी त्या हो म्हणेपर्यंत कंडोम. औषधांच्या दुकानात मागताना घाम फुटला मला."

तिला हसू आलं आणि रडूही.

"राग आला होता तुमचा," तो म्हणाला. "मग वाटलं, तुम्ही गप्प बसला असता तर मला कळलंही नसतं. भीती गेली असं म्हणणार नाही."

"माझीही नाही गेली. वर्षभर रक्त तपासत राहायचंय."

"मग तेवढ्या वेळा येऊ."

नर्सने आतून हाक मारली. ती उठली. तोही उठला आणि दारापर्यंत आला.

"आत येऊ?"

"नको," ती म्हणाली, "इंजेक्शन कमरेत असतं." आणि कितीतरी दिवसांनी मोकळं हसत ती आत गेली.