बिस्ट्रोतलं पाणी

यावलहून निघताना मुलगा भूषण म्हणाला होता, "आबा, तुम्ही बघून या. पटलं तर रविवारी मी बोलणीला जातो. नाही पटलं तर साक्षीला तसंच घरी घेऊन या. विषय बंद."

नातीच्या आयुष्याचा निर्णय त्याने माझ्यावर का टाकला, मला कळेना. जन्मभर कॉलेजच्या ग्रंथालयात कपाटांमागे राहिलेला माणूस मी. माझ्या मुलीचं, ज्योतीचं, लग्न जमलं तेव्हा सगळं बोलणं बायकोने केलं. मी फक्त रीत पाळली. पहूरला ज्योतीच्या सासरी गेलो तरी नातू होईपर्यंत तिथल्या अन्नपाण्याला शिवलो नाही. पाण्याची बाटली घरून न्यायचो. आजही बाटली घेतली होती, ती घाबरेपणात एसटीत राहिली.

साक्षीने पसंत केलेल्या योगेंद्रचं बिस्ट्रो विद्यापीठाच्या फाटकासमोर होतं. जुन्या दारांची टेबलं, वेताच्या टोपलीतले दिवे, फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ. दर मात्र पोरांच्या खिशाला झेपतील असे. सगळी तरुण मुलं. उंच स्टूल पाहून मी दारातच थांबलो. चढताना पडलो तर? साक्षीने ओळखलं आणि भिंतीजवळची साधी खुर्ची ओढली.

"आबा, तुम्ही काहीतरी विचारा हं त्याला. गप्प बसलात की तो घाबरतो."

मीही घाबरतो, असं म्हणायचं राहून गेलं.

योगेंद्र ट्रे घेऊन आला. त्यातले चमचे किणकिणत होते. भाजलेल्या पावाच्या कापांवर वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात, शेजारी पाण्याचा ग्लास. आतून त्याची आई भागाबाई डोकावल्या. त्या मूळच्या धुळ्याकडच्या.

"लाजू नका आबा, बठ्ठं घरनंच शे!"

सगळं घरचंच, म्हणजे वरच्या मजल्यावर घर, खाली हे हॉटेल. चूल एकच.

एसटीत घोकलेला प्रश्न मी कसाबसा विचारला. "धंदा कसा चालतो?"

"पोरं असली की चालतो, आबा. परीक्षा संपल्या की खुर्च्या रिकाम्या. तेव्हा आई डबे करते. मलाही भीती वाटते."

"हे आत्ताच सांगायची गरज होती?" साक्षी कुजबुजली.

"मग कधी सांगू, मांडवात?"

कोपऱ्यातल्या एका टेबलावर पुस्तकं रचलेली होती, वर वाचायचा दिवा. बाकी सगळीकडे गर्दी, तिथे कोणी नाही. मी तिकडे पाहतोय हे बघून उभ्याउभ्या सँडविच खाणारा एक मुलगा म्हणाला, "काका, ते साक्षीताईंचं. पीएचडीचा अभ्यास! आमचे पाय मोडले तरी योगीभाऊ तिथे बसू देत नाही."

"तू उधारी दे, मग बस," योगेंद्र म्हणाला आणि कानापर्यंत लाल झाला.

माझं मन तिथेच 'हो' म्हणून गेलं. घसा कोरडा पडला होता. ग्लास उचलला, ओठांपर्यंत नेला आणि एकदम खाली ठेवला. भरिताची प्लेटही हलकेच दूर सारली.

योगेंद्रचा चेहरा उतरला.

"आबा, पाणीसुद्धा नाही?" साक्षीचा आवाज चिरकला. "एवढं नको झालंय तुम्हाला हे घर?"

तिला काय कळणार? ज्योतीचं लग्न झालं तेव्हा ती जन्मलीही नव्हती. मला सांगायचं होतं, पण आजूबाजूची मुलं वळून बघू लागली आणि जीभ टाळूला चिकटली. नेहमी असंच होतं. तेवढ्यात तिने फोन लावलाही.

"पप्पा, आबा इथल्या पाण्यालाही शिवत नाहीत."

फोनमधून भूषण म्हणाला, "मग निघा तिथून. पुढचं घरी बोलू."

फोन तसाच चालू ठेवून ती पुस्तकं गोळा करायला कोपऱ्यातल्या टेबलाकडे वळली. दिवा तिने विझवला. माझ्या छातीत इतकं धडधडायला लागलं की वाटलं, इथेच काहीतरी होणार. मी आणखी थोडा गप्प राहिलो असतो तर सगळं संपलं असतं.

"फोन दे," मी म्हणालो. "भूषण, अरे, लेकीच्या सासरचं पाणी मी कधी प्यायलोय का?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, चिडला. आपण कोण परस्पर ठरवणारे?

मग तो म्हणाला, "रविवारी किती वाजता येऊ, विचारा त्यांना."

"म्हणजे?" योगेंद्रने विचारलं. भागाबाईंना विचारावं लागलं नाही. त्या पदराला हात पुसत आल्या, माझ्यासमोरची प्लेट आणि ग्लास उचलला आणि आत घेऊन गेल्या. जाताना डोळ्यांना पदर लावला.

साक्षीने मला रस्ता ओलांडून फाटकाशी आणलं. पहारेकऱ्याच्या माठातलं पाणी मी दोन पेले प्यायलो. तरी छातीतली धडधड थांबेना. त्या पोराचं हॉटेल बंद पडलं तर? मी चुकलो असलो तर?

"आबा, म्हणजे मला मूल होईपर्यंत तुम्ही इथे काहीच खाणार नाही? आणि माझी पीएचडी?"

"कर ना. मी बाटली आणत जाईन."

ती हसली, आणि मग माझा दंड घट्ट धरून उभी राहिली. तोवर मी असेन का, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं होतं.