वळणावरची टिटवी

बावीस वर्षं आमच्या पक्षी मंडळाचा म्होरक्या मीच. धंद्यानं शिंपी, पण ओढ्यावर माझाच शब्द चालायचा. मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर माझ्याच अक्षरात दोन नियम होते. काठावरचं गवत तुडवायचं नाही, कोरड्या पात्रातूनच चालायचं. आणि दोघांनी पाहिल्याशिवाय काहीही वहीत लिहायचं नाही.

यंदा वसंतात डोळ्यांनी दगा दिला, म्हणून मी भाचीला पुढे केलं. "एक फेरी बघू, जमलं तर वही तिची, नाहीतर मी आहेच," मंडळातले डॉक्टर म्हणाले. माझं डोकंच फिरलं. बगळा सोडला तर या माणसाला एक पक्षी धड ओळखता येत नाही!

ओढा आटत आला होता. पाणी उरलं होतं ते पुढच्या डोहात. तिथे खंड्या बसतो म्हणून डॉक्टर नवा कॅमेरा गळ्यात घालून आले होते. पात्रातून चालताना वळणावर टिटवी आमच्या डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली. तिचं हे दरवर्षीचंच. वहीतही आम्ही दरवर्षी लिहायचो, 'टिटवी एक, भांडखोर.' सगळ्यांनी दुर्बिणी वर केल्या. भाची मात्र खाली बघत होती.

"मामा, पाय टेकवू नका!"

मी एका पायावर उभा.

"अंडी आहेत. आल्या पावली मागे फिरायचं सगळ्यांनी."

"अगं, बाजूनं जाऊ की," डॉक्टर चिडले. "खंड्यासाठी एवढ्या पहाटे उठलोय."

"आपण इथे घुटमळलो तर ती अंड्यांवर यायची नाही. ऊन चढतंय. फेरी संपली."

"वही नकोय वाटतं तुला?"

"नसू दे."

आवाज कापला तिचा, पण ती जागची हलली नाही. मी असतो तर डॉक्टरांच्या भिडेनं बाजूनं गेलो असतो. माझा ऊर अभिमानानं भरून आला.

"मामा, दुसरे साक्षीदार तुम्ही. दिसली ना?"

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. "नाही गं," मी सगळ्यांदेखत म्हणालो. "मला गोटेच दिसतायत."

तिनं माझं कोपर धरून मला हळूच मागे घेतलं. "वाका. तुमच्या बुटापासून वीतभर पुढे."

मग दिसली. चार. गोट्यांच्याच रंगाची, वर शाईचे शिंतोडे उडाल्यासारखी. बावीस वर्षांत माझ्या नियमापायी किती तुडवली गेली असतील, कोण जाणे!

काठावर आल्यावर मी वही उघडून पहिला नियम खोडला. खाली लिहिलं, 'वसंतात पात्रात उतरायचं नाही.' वही भाचीच्या हातात दिली. डॉक्टरांनी कॅमेरा पिशवीत घातला.

ती लिहायला लागली. "टिटवी एक, अंडी चार. पुढे भांडखोर लिहू, मामा?"

"लिही की," मी म्हणालो. "पण भांडखोर दोन लिही. दोन्ही मी पाहिल्यात."