ओल्या पुठ्ठ्याचा वास

चर्रर्र.

सकाळचं घर इतकं गप्प होतं की तो आवाज केवढातरी मोठा वाटला. मी आरशासमोर केसांत पिना खोचत होते. तशीच धावत स्वयंपाकघरात गेले. दूध उतू जाऊन शेगडीभर पसरलं होतं, कडेकडेने करपून तपकिरी झालं होतं, आणि दारात भिंगरी नाक चिमटीत धरून उभी होती.

"शी! आई, केव्हाचं जळकं येतंय. तुला नाही येत?"

"येतंय गं. पिना लावत होते ना."

"मग आली का नाहीस?"

मी फडकं शोधायला लागले. भिंगरी म्हणजे आमची लेक. एका जागी बसणं तिला ठाऊक नाही, म्हणून हे नाव. यंदाच शाळेत जायला लागली आहे. तिच्यामागून तिचा बाबा आला, खिडकी उघडली, गॅस बंद केला, आणि माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "आज तरी सांगून टाक मळ्यावर, मालकीणबाईंना."

"सांगू आणि काय करू? गाईडचं नाक गेलं म्हणजे ड्रायव्हरचे डोळे गेले. ठेवेल कोणी गाडीवर?"

"येईल परत. डॉक्टर म्हणालेत ना."

"'बहुतेक येईल' म्हणालेत."

त्याने माझ्या हातातलं फडकं घेतलं आणि शेगडी पुसायला लागला.

ताप आला आणि गेला, जाताना नाक घेऊन गेला. सर्दी नाही, चोंदलं नाही, श्वास अगदी मोकळा. फक्त त्या श्वासातून काही येतच नाही. साबण, पाऊस, फोडणी, रॉकेल, सगळं एकच: हवा. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू एवढं कळतं. बाकीची चव नाकातच असते हे आजवर मी पाहुण्यांना हसत हसत सांगत आले होते. आता ते स्वतःवर बघत होते.

मी द्राक्षाच्या मळ्यात गाईड आहे. वाइन तिथेच बनते. पाहुणे सकाळी येतात, मी त्यांना वेलींमधून फिरवते, तळघरातली लाकडी पिंपं दाखवते, आणि मग लांबलचक टेबलाशी बसवून एकेक वाइन चाखायला देते, प्रत्येकीबरोबर तिला साजेसा घास. दुपारच्या आत फेरी संपते. या कामात नाक हेच माझं हत्यार.

आणि घरातही होतं. संध्याकाळी कामावरून आले की भिंगरीच्या मानेत नाक खुपसायचं आणि तिने दिवसभर काय काय केलं ते सांगायचं, हा आमचा खेळ. "मेणाचे खडू... संत्रं... आणि बाईंच्या हातांची क्रीम!" ती किंचाळायची, "कसं कळलं?" ताप गेल्यापासूनही मी खेळत होते. फ्रॉकवरचा डाग बघायचा, नखांत अडकलेला रंग बघायचा, आणि वास घेतल्याचं नाटक करायचं. रोज जिंकत होते.

मळ्यावर पोचले तर मालकीणबाई फाटकातच उभ्या. हातात छत्री, डोक्यावर जुनी टोपी.

"आज मीही येते फेरीला. आजारातून उठलीस तेव्हापासून ऐकलंच नाही तुला."

"या ना," मी म्हटलं.

"मोसम तोंडावर आलाय. यंदाच्या सगळ्या फेऱ्या तुझ्याकडे सोपवायच्या का, ते आज ठरवते. तू बोल हं बिनधास्त. मी नाहीच असं समज."

मी नाहीच असं समज! त्यांच्या चपलांची चटक चटक माझ्या मागे सुरू झाली ती थांबेचना.

पाहुणे थोडेच होते. एक वयस्क काका-काकू, एक नवं जोडपं, आणि गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक दाढीवाला. वेलींमध्ये मला भीती नव्हती. तिथे डोळ्यांनी काम भागतं. पान उलटून दाखवलं, मुळं खोल का जातात ते सांगितलं. नवरीने विचारलं, "एक द्राक्ष तोडू का?" तिचा नवरा म्हणाला, "विचारतेस काय, तीन तोडून झालीत." सगळे हसले. मालकीणबाईही हसल्या. मला जरा धीर आला.

तळघरात गेल्यावर काकू थबकल्या. डोळे मिटून त्यांनी मोठा श्वास घेतला. "अहाहा! हा कसला हो वास?"

माझी आवडती जागा होती ती. दरवेळी मी तिथे बोलणं थांबवून नुसती उभी राहायची. लाकूड, ओल, आंबलेलं द्राक्ष. आता मी उभी होते ती एखाद्या रिकाम्या डब्यात उभं राहावं तशी.

"तुम्हीच सांगा की," मी म्हटलं.

हीच माझी युक्ती. आधी आपण बोलायचंच नाही. पाहुण्यांना बोलतं करायचं, त्यांचे चेहरे वाचायचे, आणि त्यांनी टाकलेल्या धाग्याला आपण गाठ मारायची. प्रत्येक वाइन मला तोंडपाठ आहे. कुठली कशी लागते ते झोपेतही सांगीन. फक्त आज समोरची बाटली तशी आहे का, एवढंच कळायला मार्ग नव्हता.

आणि नेमका तोच भाग पाहुण्यांसमोर करायचा असतो. इथली रीतच आहे: बाटली टेबलावरच उघडायची, गाईडने पेल्यात घोटभर ओतून आधी स्वतः हुंगायची, आणि ती ठीक आहे अशी मान डोलावल्यावरच इतरांना वाढायची. कधीमधी बूच खराब निघतं. मग वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा, बंद कोठीचा वास मारतो. कोणी आजारी पडत नाही त्याने, पण अशी बाटली पाहुण्याच्या पेल्यात जाऊ देणं म्हणजे गाईडची अब्रू गेली.

टेबलावर पांढरी पहिली. मी बूच काढलं, पेला फिरवला, नाक आत घातलं. हवा. मान डोलावली. वाढली. नानांनी शेळीच्या दुधाच्या चीजचे तुकडे आणून ठेवले. नाना म्हणजे आमचे आचारी.

"काय येतंय?" मी विचारलं.

"लिंबू?" नवरी म्हणाली.

"लिंबाची साल," काकू म्हणाल्या.

"अगदी बरोबर. साल. आता चीजचा तुकडा तोंडात ठेवा आणि पुन्हा घोट घ्या." चेहरे खुलले. म्हणजे ठीक आहे. माझ्या खांद्यावरचं ओझं इंचभर उतरलं.

"पण हे बादलीत थुंकायचं म्हणजे," काका चाखलेली वाइन थुंकायला टेबलाच्या मधोमध ठेवलेली बादली न्याहाळत म्हणाले, "एवढ्या लांब थुंकायला आलो का आम्ही?"

"नका थुंकू," काकू म्हणाल्या. "पण मग घरी जाताना गाडीत गाणी म्हणायची नाहीत."

गुलाबी दुसरी. तीही निभावली. दाढीवाल्याने "कलिंगड" म्हटलं, मी "कलिंगडाचा सालीजवळचा भाग" म्हटलं, आणि तो माझ्याकडे आदराने बघायला लागला. टेबलाच्या टोकाला मालकीणबाई हनुवटीखाली हात घेऊन बसल्या होत्या. त्यांच्यापुढे पेला नव्हता. त्या वाइन बघत नव्हत्या, मला बघत होत्या.

मग लाल.

बूच निघताना हाताला काही वेगळं लागलं नाही. पेला फिरवला. नाक आत. मान डोलावली. वाढली. नाना मशरूमच्या पेस्ट्र्या घेऊन दारातून आत आले आणि मध्येच थांबले. त्यांच्या नाकपुड्या फुगल्या. मला वाटलं, आपल्याच पेस्ट्रीवर खूश झालेत.

"काय येतंय?"

कोणीच बोललं नाही.

नवरीने पेला हुंगला, नवऱ्याकडे बघितलं. काकांनी हुंगला, खाली ठेवला. दाढीवाल्याने पेला उजेडात धरला, जणू चूक रंगात असावी. मी चेहरे वाचत होते, पण चेहऱ्यांवर काही लिहिलेलंच नव्हतं. सगळे शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरांसारखे टेबलाकडे बघत होते. मालकीणबाई हनुवटीखालचा हात काढून सरळ बसल्या.

माझा धीर सुटला. मी आधी बोलले.

"आलुबुखार," मी म्हटलं. "पिकलेला. आणि मागून काळी मिरी. येतेय ना?"

"हो हो," नवरी एकदम म्हणाली. सुटल्यासारखी. "आलुबुखार!"

"मिरी तर स्पष्टच," दाढीवाला म्हणाला.

"मला वाटलंच मिरी," काका म्हणाले.

मी हसले. तेवढ्यात मालकीणबाई उठल्या, टेबलाच्या कडेने चालत आल्या, काकांचा पेला त्यांनी उचलला, आणि नाकाशी नेला.

फार वेळ नाही. एकदाच. मग पेला इतक्या हळू खाली ठेवला की आवाजही झाला नाही.

मी नानांकडे बघितलं. ते पेस्ट्र्यांचं ताट छातीशी धरून उभे होते, आणि त्यांच्या डोळ्यांत मला सगळं दिसलं.

"मला मेलीला कळत नाही यातलं," काकू म्हणाल्या. पेला अजून त्यांच्या हातात होता. "पण खरं सांगू? मला तर पावसात भिजलेल्या खोक्याचा वास येतोय. आमच्या माळ्यावर येतो तस्सा. म्हटलं, सगळे आलुबुखार म्हणतायत, आपलंच नाक म्हातारं झालं." मग माझ्याकडे बघून त्यांचा चेहरा एकदम उजळला. "अगं लबाडे! परीक्षा घेत होतीस होय आमची?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. वाट उघडी होती. काकूंनीच दार उघडून धरलं होतं.

"हो," मी म्हटलं. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला. "गाईडने काहीही सांगितलं तरी आपल्या नाकावर विश्वास ठेवायचा. काकू पास. बाकी सगळे नापास."

हशा पिकला. काकांनी कपाळावर हात मारला. "मिरी म्हणे मिरी!" दाढीवाल्याने त्या बाटलीचा फोटो काढला. टाळ्यासुद्धा वाजवल्या कोणीतरी. नानांनी न सांगता दुसरी बाटली आणून उघडली आणि स्वतः हुंगून माझ्या हातात दिली. गोड वाइन आणि चॉकलेट कसं पार पडलं ते मला आठवत नाही.

पाहुण्यांची गाडी गेल्यावर मालकीणबाई म्हणाल्या, "ये जरा."

पेले धुवायच्या खोलीत त्यांनी ओट्यावर दोन छोटे पेले मांडले. दोन्हींत पाण्यासारखं काहीतरी.

"एकात पाणी आहे, एकात व्हिनेगर. प्यायचं नाही. नुसतं हुंगून सांग."

मी पहिला उचलला. दुसरा उचलला. पुन्हा पहिला. नळाचं थेंब थेंब पाणी बेसिनमध्ये पडत होतं. वाटलं, अंदाजाने बोट ठेवावं, अर्धी शक्यता तर आपली आहेच. सकाळपासून तेच तर करत होते. मग पेला खाली ठेवला.

"दोन्ही सारखेच," मी म्हटलं.

"कधीपासून?"

"तापापासून."

"कशाचाच येत नाही?"

"नाही."

"पोरीचाही?"

मी मान हलवली. मालकीणबाई फडक्याने धुतलेले पेले पुसत होत्या, त्यांचा हात थांबला. मग पुन्हा पुसायला लागल्या, जरा जास्तच जोर लावून.

"मला का नाही बोललीस गं?"

"बोलले असते तर फेऱ्या गेल्या असत्या."

"त्या आताही गेल्या." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "आज ती बाई होती म्हणून झाकलं गेलं. रोज कुठून आणणार काकू? उद्यापासून ऑफिसात बस, बुकिंग बघ. नाक आलं की मला सांग. थाप मारू नकोस, मी पेले मांडीन."

"आणि आलंच नाही तर?"

त्यांनी पुसलेला पेला उजेडात धरला, डाग शोधत राहिल्या. डाग नव्हता.

घरी आले तेव्हा ऊन अजून जिन्यावर होतं. दार उघडलं तर नवरा सोफ्यावर बसून तोंड दाबून हसत होता. माझा चेहरा बघून त्याचं हसू गेलं. "काय झालं?" त्याने खुणेने विचारलं. मी मान हलवली, नंतर सांगते म्हणून. तो उठणार तेवढ्यात दारामागून दोन ओलसर हात आले आणि माझ्या डोळ्यांवर बसले. लेक स्टुलावर उभी असणार.

"बघायचं नाही!" भिंगरी म्हणाली. "तू बघून सांगतेस. मला माहितीये."

"कोण म्हणतं?"

"परवा मी हाताला मुद्दाम हिरवा रंग लावला होता. नुसताच. खेळलेच नव्हते रंगाने. तरी तू म्हणालीस रंग!"

मी तिचे हात डोळ्यांवरून काढायला गेले, तर तिने ते आणखी घट्ट दाबले.

"आज मी नखं धुतली. बाबाने आंघोळ घातली. फ्रॉकपण नवा आहे. आता नाकाने सांग."

तिने डोळ्यांवरचे हात तसेच ठेवून आपली मान माझ्या तोंडाशी आणली. मी नाक टेकवलं. ऊब होती. केसांची ओली टोकं गालाला लागत होती, कानाखाली शीर टुकटुक उडत होती. मी श्वास आत घेतला, जितका मावेल तितका. पुन्हा घेतला.

साबण म्हणता आलं असतं. ती "हो" म्हणाली असती की "नाही"? काकू सोडून टेबलाशी बसलेल्या सगळ्यांनी मी म्हणेन ते कबूल केलं होतं. ही तसं करणार नव्हती.

"सांग ना आई," तिने माझ्या कानात विचारलं, "माझ्या अंगाला कसला वास येतोय?"