मारुंजीचा चढ आणि आम्ही दोघे टायर

मी एक जुना टायर आहे. मित्रांनो, मारुंजीच्या गिरणीत दळण घेऊन येता तेव्हा तुमच्यापैकी कुणी ना कुणी माझ्यावर बसलेले असते, म्हणून ओळख करून देतो. माझ्यासारख्याने आपली हकिकत सांगावी की नाही, याची मला अजूनही शंका वाटते. पण एका पत्राची आठवण काही केल्या जात नाही. ते पत्र माझ्या मालकांना, चिंचवडच्या लक्ष्मणरावांना आले होते आणि त्यांनी त्याचे उत्तर दिले नव्हते. मी त्यांच्याकडे आलो तो त्या पत्रामुळेच.

आधी जन्माचे सांगतो. दक्षिणेकडच्या झाडांच्या चिकापासून माझे रबर झाले. लढाईच्या दिवसांत लष्करी गाड्यांसाठी मला साच्यात घडवले. डांबरी रस्ता असो, खडी असो की चिखल, सगळीकडे चालता यावे म्हणून माझ्या अंगावर जाड गट्ट्या आणि त्यांच्यामध्ये खोल खाचा ठेवल्या. मी फार चाललो नाही तोच लढाई संपली आणि देहूरोडच्या डेपोतल्या ढिगात येऊन पडलो. पुढे लिलाव झाला. पिंपरी कॅम्पात नुकतेच दुकान मांडलेले टेकचंदशेठ आमचा ढीग घेऊन गेले.

दुकानात नवे, गुळगुळीत, काळेभोर टायर भिंतीला टेकून उभे असत. गिऱ्हाईक आले की त्यांच्याकडे बघे. आमच्या जातीचे टायर डांबरावर चालताना घूं घूं असा आवाज करतात. मला त्याची लाज वाटायची. हळूहळू आमच्यातले बाकीचे गेले आणि मी व माझा जोडीदार असे दोघेच मागे उरलो.

एके दिवशी लक्ष्मणराव आले. उंच, वाकलेले, हातात पुस्तक. त्यांनी बरीच वर्षे गावचे वाचनालय सांभाळले होते. मग पिंपरीच्या माळावर कारखाने उभे राहू लागले, तेव्हा एका मासिकातले चित्र पाहून त्यांनी जुनी लष्करी पिकअप घेतली. मालधक्क्यावरून जड यंत्रे बांधून माळावर ओढून न्यायची, हे तिचे काम. गाडी हिंदुराव चालवीत. हिंदुराव परवापरवापर्यंत बैलगाडी हाकत होते, आणि त्यांचा आवाज असा की ते बोलायला लागले की लक्ष्मणराव गप्प होत.

शेठ म्हणाले, "साहेब, हे नवीन घ्या ना! एकदम मख्खन."

 लक्ष्मणराव माझ्यापाशी उकिडवे बसले. नखाने माझे रबर दाबून पाहिले. खाचांत चिरा आहेत का ते पाहिले. आत हात घालून फुगवटा लागतो का ते चाचपले. मग चष्मा पुसून त्यांनी माझ्या कडेवरची उठावाची अक्षरे वाचली. मी गोल आहे, त्यामुळे वाचता वाचता ते माझ्याभोवती पूर्ण फिरले. इतके लक्ष देऊन मला आजवर कुणी वाचले नव्हते.

"ओढायचं ओझं आहे," ते अगदी हळू म्हणाले. "वाट दगडाची, मग ओढा, मग चढ. गुळगुळीत चालणार नाही. हे दोन द्या."

"अण्णा, ह्ये? म्हातारं जोडपं!" हिंदुराव हसले.

पण घेतले आम्हालाच. मागच्या हौद्यात पडल्यापडल्या मला त्या पत्राचे कळले, कारण हिंदुरावांनी ते सगळ्या बाजारपेठेला ऐकू जाईल असे विचारले. लक्ष्मणरावांची धाकटी बहीण शालनबाई मारुंजीला दिलेली. तिने आणि तिचे यजमान दत्तोबा यांनी पिठाची गिरणी काढायचे ठरवले होते. गिरणीचे तेलावर चालणारे इंजिन, लोखंडी चाकांच्या गाड्यावर बसवलेले, चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावर येऊन पडले होते. शालनबाईने पत्रात विचारले होते, 'दादा, तुझ्या गाडीला बांधून इंजिन आणायला जमेल का?' पत्र येऊन बरेच दिवस झाले, तरी लक्ष्मणरावांनी जमेल असेही कळवले नव्हते आणि जमणार नाही असेही. मारुंजीच्या अलीकडे ओढ्याचा चढ आहे. मागे एकदा त्या चढावर यांची गाडी घसरली होती आणि लोक हसले होते. ते हसू लक्ष्मणरावांच्या मनातून गेले नव्हते. आता धक्क्यावरच्या बाबूने निरोप धाडला होता की शनिवारपर्यंत इंजिन उचलले नाही तर ते परत जाईल. परत गेले की दुसऱ्या गावाला जाणार, हे ठरलेलेच होते.

शनिवारी सकाळी आम्हाला गाडीला चढवायला घेतले.

"पुढं घालतो," हिंदुराव म्हणाले.

लक्ष्मणरावांनी पुस्तकात बोट घातले. "मला वाटतं... यात असं दिलंय की..."

"अण्णा, बैल कुठं जुपत्यात? गाडीच्या पुढंच न्हवं? जोर पुढं पायजे. आन् पुढचा टायर फुटला तर गाडी थेट पवना नदीत! पुस्तक काय ओढा वलांडतंय व्हय?"

लक्ष्मणरावांनी पुस्तक मिटले. आम्ही पुढे गेलो.

इंजिन मागे हुकाला बांधले आणि निघालो. डांबरावर मी घूं घूं करीत होतो, पण कुणी काही म्हणाले नाही. पुढे खडीची वाट लागली तेव्हा तर मला बरेच वाटू लागले. ओढाही ओलांडला. चढाला लागलो आणि गाडी थांबली. मी जमीन घट्ट धरून होतो, पण मला ओढच जाणवेना. मागचे दोन गुळगुळीत भाऊ जागच्या जागी गरागरा फिरत होते आणि चिखल उडवीत होते. गाडी मागे सरकू लागली. दत्तोबांनी धावत येऊन इंजिनाच्या चाकांमागे दगडाची उटी, म्हणजे अडसर, लावली म्हणून ते ओढ्यात गेले नाही.

गाव जमले. पुरुष वर कडेला उभे, बायका डोक्यावर पदर घेऊन त्यांच्यामागे.

"घसरली का पुन्यांदा?" कुणीतरी म्हणाले, आणि हसू पसरले.

"सोडा इंजिन हितंच," हिंदुराव कपाळ पुसत म्हणाले. "बैल आणा."

दत्तोबांनी मान हलवली. "गेल्या साली रस्त्याचा दगडी रूळ वढताना ह्याच चढाला पाटलाचा बैल पाय मोडून बसला. आता कोन देनार बैल? म्या बी न्हाई द्यायचा."

म्हणजे इंजिन इथेच चिखलात पडून राहणार. मला वाटले, दोष माझाच. शेठच्या दुकानात लोकांनी मला टाळले ते बरोबरच होते.

तेवढ्यात शालनबाई पुढे आल्या. "दादा, काय झालं रं?"

"काही नाही."

"लहानपनी तू असाच तोंड शिवून बसायचास. गाय कुठं गेली ते ठावं असायचं, पर सांगायचा न्हाईस. तुला ठावं हाय. बोल."

लक्ष्मणरावांनी गावाकडे पाहिले, मग स्वतःच्या जोड्यांकडे. "टायर मागं हवेत," ते पुटपुटले.

"आँ? काय म्हनालात अण्णा?"

"टायर मागं हवेत!" या वेळी ते इतक्या मोठ्याने बोलले की स्वतःच दचकले. "ही गाडी बैलासारखी पुढून ओढत नाही, हिंदुराव. गाडीच्या इंजिनाची सगळी ताकद मागच्या चाकांना जाते. हुकावरचं ओझंही तिथंच दाबतं. पुढची चाकं नुसती वाट दाखवतात. मला सकाळीच माहीत होतं."

"मग सकाळीच सांगायचं!"

"सांगत होतो."

 हिंदुरावांनी मुंडासे काढून ठेवले आणि जॅक खाली घेतला. सपाट दगड लावून गाडी उचलली. "जोडे बदलत्यात गाडीचे!" असे ओरडून वरचे लोक हसत होते. लक्ष्मणराव हसले नाहीत आणि पळालेही नाहीत. चाकांचे काढलेले नट हातात धरून चिखलात उभे राहिले.

आम्हाला मागे घातले. हिंदुरावांनी गाडी सुरू केली आणि पहिल्यांदा मला कळले की मी कशासाठी घडलो. वरून हुकाचे ओझे, मागून इंजिनाची ओढ, आणि माझ्या एकेका गट्टीखाली एकेक दगड. एक गट्टी सुटायच्या आत दुसरी धरत होती. जोडीदारही माझ्याइतकाच राबत होता. गाडी इंचाइंचाने वर चढली. वर पोचताच हसणारेच धावत येऊन इंजिनाला हात लावू लागले.

शालनबाईंनी बैलांना लावावे तसे आम्हा दोघांना हळदकुंकू लावले. चिखलावर ते नीट चिकटेना, म्हणून आधी पदराने पुसले.

"झालं ना आता?" लक्ष्मणराव म्हणाले.

"इंजिनाचं झालं. माज्या पत्राचं काय? शिक्षनाच्या वर्गाला जाऊन जाऊन म्या लिवायला शिकले. जलमात पयलं पत्र तुला धाडलं. रोज पोस्टमन दारावरनं जातुया."

"अगं, मीच आलो की आता!"

"तू आलास, पर पत्र कुटं आलं?"

मित्रांनो, त्यानंतर आम्ही पुष्कळ वर्षे ओढले. माळावर आज जी यंत्रे घरघरतात, त्यांतली काही आमच्या मागून गेली आहेत. हिंदुराव नव्या ड्रायव्हरांना सांगत, "टायर मागं घालायचं असत्यात, ह्ये म्या अण्णांना शिकवलं." लक्ष्मणराव ते ऐकून पुस्तकात तोंड लपवून हसत. ते होते तोवर दर आठवड्याला आमची हवा बघितली गेली. पुढे गाडी दुसऱ्याकडे गेली. हवा कमी असतानाच आम्हाला पळवले, उन्हात तसेच सोडले, आणि माझा जोडीदार एका दुपारी फुटला. मी झिजलो तेव्हा दत्तोबांनी मला इथे आणून टाकले. तक्रार नाही. पण घरी कुणाची सायकल असेल, गाडी असेल, तर तिच्या चाकांची हवा बघत जा. खाचेत खडा अडकला तर काढा. काही मागायचे असले तरी आम्हाला ते सांगता येत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

आता त्या पत्राचे सांगून थांबतो. त्या शनिवारनंतर कैक दिवस लक्ष्मणराव गाडीत बसून पोस्टकार्डे लिहीत आणि फाडून टाकीत. अखेर एका सकाळी चिंचवड स्टेशनाजवळ त्यांनी गाडी थांबवायला सांगितली आणि हिंदुरावांना कार्ड वाचून दाखवले.

'सौ. शालन हिला दादाचा आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. तुझे अक्षर मला फार आवडले. इंजिन आणायला जमेल का, असे तू विचारले होतेस. जमेल. आधी मला तसे वाटत नव्हते. आणखी काही विचारायचे असेल तर पत्राने विचार. या वेळी लवकर उत्तर देईन.'

"अण्णा, इंजिन तर कवाच पोचलं! दळान सुरू झालं!"

"तिने मला विचारलं होतं, हिंदुराव."

ते उतरले. टपालपेटीपर्यंत जाऊन परत आले, पत्ता पुन्हा वाचला, आणि पुन्हा गेले. कार्ड आत टाकल्यावर त्यांनी फटीत बोटे घालून ते अडकले नाही ना हे चाचपून पाहिले. मग गाडीत येऊन बसले आणि कधी नव्हे ते मोठ्याने म्हणाले, "चला."